छतावरचा उजेड खाली उतरवला

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही अलकापुरीतला भाड्याचा फ्लॅट सोडला आणि रावपुऱ्याच्या एका पोळीत असलेल्या, माझ्या आजेसासऱ्यांनी घेतलेल्या घरात राहायला आलो. (‘आम्ही पोळीत राहतो’ हे वाक्य बडोद्याबाहेरच्या मराठी पाहुण्यांना दरवेळी हसवते, पण गल्लीला येथे दुसरा शब्द कोणी वापरत नाही.) घर अरुंद आणि खोल आहे. पुढे झोपाळ्याची ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अंधाऱ्या जिन्याने वर गेले की दोन खोल्या. सागवानी खांब आणि तुळया शाबूत होत्या, परंतु भिंती फुगलेल्या होत्या, त्यांवर तीन पिढ्यांचे खिळे होते आणि प्रत्येक खोलीच्या छताजवळ चार फुटी पांढरी ट्यूबलाइट होती. पहिल्या संध्याकाळी ती लावली तेव्हा घराचे एकूण एक व्यंग एकदम समोर आले.

आमच्या एका परिचिताने सुचवलेल्या ठेकेदाराने सर्व खोल्यांना पीओपीचे खोटे छत आणि त्यात गोल दिवे असा आराखडा दिला. त्या छतामागे तुळया झाकल्या जाणार होत्या, म्हणून आम्ही नकार दिला. पैशाचे कारणही होतेच. मग मी जे केले ते आज पाहता उलट्या क्रमाने केले, कारण आधी वस्तू आणल्या आणि नंतर उजेडाचा विचार केला.

दर शुक्रवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला येथे नुसते ‘शुक्रवारी’ म्हणतात. तेथे सकाळी लवकर गेले तर मोडीत निघालेल्या घरांतले सामान अजून पोत्यांतून बाहेर निघत असते. मी पिशवीत लहान टॉर्च, लोहचुंबक आणि काळा कागद घेऊन जाऊ लागले. पितळेचा म्हणून सांगितलेला दिवा चुंबकाला चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा असतो. लाकडी वस्तूला बारीक भोके दिसली तर ती काळ्या कागदावर ठोकून पाहावी, कारण पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत असते आणि ती घरच्या सागवानात शिरायला वेळ लागत नाही. खुर्चीच्या वेतात आणि सांध्यांत टॉर्चने ढेकूण शोधावे लागतात. विकणाऱ्यांविषयी मात्र मला तक्रार नाही. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने टिपॉय हातात देताना स्वतःच सांगितले, ‘बेन, तूटेलुं छे, पछी कहेता नहीं.’ उलट शहरातल्या एका दुकानात ‘अँटिक’ म्हणून भरपूर पैसे देऊन घेतलेल्या झुंबराचे लोलक घरी आल्यावर प्लॅस्टिकचे निघाले, आणि ते झुंबर अजून माळ्यावर आहे.

तीन-चार शुक्रवारांत एक पाय आखूड असलेला संखेड्याचा टिपॉय, डागाळलेला आरसा, टवके उडालेली तामचिनीची दिव्याची छत्री, येरा छापाच्या दोन जाड काचेच्या बरण्या आणि एक जुनी रंगीत तसबीर एवढे जमले. हे सर्व माजघरात मांडून मी ट्यूब लावली आणि मला रडू यायचे बाकी राहिले. बाजारात ज्या वस्तूंवर जीव बसला होता त्या घरात नुसत्या भंगार दिसत होत्या. सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘अगं, हे परत कोण नेणार आहे का?’

उत्तर भिंतीतून निघाले. माजघरातले जुने तैलरंगाचे पापुद्रे काढायचे होते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात ते असू शकते आणि असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये, हे मला ठाऊक होते. म्हणून भिंत ओली करून, तोंडावर मास्क लावून मी पट्टीने हळूहळू खरवडत होते. माजघराला सात कोनाडे आहेत. त्यांपैकी पाच कोनाड्यांच्या कमानीखाली, रंगाच्या चौथ्या की पाचव्या थराखाली, काजळीचा काळा पट्टा निघाला. म्हणजे हे कोनाडे देवाच्या मूर्तींसाठी किंवा शोभेसाठी नव्हते, तर दिव्यांसाठी होते. ते सगळे माझ्या छातीच्या उंचीवर आहेत. जमिनीवर पाटावर बसणाऱ्या, जमिनीवर निजणाऱ्या माणसांच्या घराला जो उजेड मिळत होता तो बाजूने मिळत होता. वीज आली आणि तो छताला जाऊन चिकटला. छतावरून सपाट पडणारा पांढरा उजेड सावली पुसतो आणि डाग दाखवतो. बाजूने येणारा उजेड सावली पाडतो, आणि सावली असली की फुगलेली भिंतसुद्धा पोत असल्यासारखी दिसते. हे तपासायला मी त्याच रात्री ट्यूब बंद केली, टेबलदिवा एका कोनाड्यात आडवा ठेवला आणि आखूड पायाचा टिपॉय त्याच्यासमोर सरकवला. त्यानंतर वस्तू परत करण्याचा विषय निघाला नाही.

दिवे विकत घ्यायचे नाहीत हे ठरवायला फार विचार करावा लागला नाही, कारण आकाशकंदील घरी करण्याची सवय लहानपणापासून होती. बडोद्यात त्यात आणखी एक भर पडते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, रात्री पतंगाच्या मांज्याला कागदी कंदील बांधून आकाशात सोडतात, त्यांना तुक्कल म्हणतात. त्यामुळे बांबूच्या काड्या आणि पातळ कागद यांचे येथे कोणाला अप्रूप नाही. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवत वाकवल्या. बांबूची गुळगुळीत पाठ वळणाच्या बाहेरच्या अंगाला ठेवावी लागते, कारण ताण तेथेच पडतो आणि पाठीचे तंतू तो सोसतात. आतला मऊ भाग बाहेर आला की कामटी उसवते. पहिल्या तीन कामट्या मोडल्यावर हे कळले.

कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ केली. एक वाटी मैद्याला सहा वाट्या पाणी घेऊन, गुठळ्या मोडत, मिश्रण काचेसारखे पारदर्शक दिसेपर्यंत शिजवायचे. सासूबाईंच्या माहेरी वह्या बांधण्याचा धंदा होता. खळीत चिमूटभर मोरचूद घातले की कीड आणि बुरशी लागत नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते विष असल्यामुळे खळीचे पातेले स्वयंपाकघरात परत आणायचे नाही, असेही बजावले. मी ते पहिल्या दिव्याला आळसाने घातले नाही. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

कागद लावताना तो ओल्या फडक्याने किंचित दमट करायचा आणि सैलसर चिकटवायचा. वाळताना तो स्वतःच आकसतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. कोरडा कागद ओढून लावला तर सुरकुत्या राहतात आणि दमट कागद ओढून लावला तर वाळताना फाटतो. पतंगाचा कागद इतका पातळ असतो की आतला बल्ब डोळ्यांत खुपणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून मी दोन थर लावले आणि बल्ब कागदापासून सर्व बाजूंनी निदान चार इंच दूर राहील एवढा सांगाडा मोठा केला. पुढच्या दिव्यांना मी हातकागद वापरला. त्यातले तंतू उजेडात झाडाच्या पानाच्या शिरांसारखे दिसतात, आणि हा कागद जितका कमी एकसारखा तितका चांगला. दुकानदाराने गाठी पडलेला गठ्ठा कमी भावात दिला तेव्हा मी तो आनंदाने घेतला.

या सर्व खटाटोपाला एलईडीने मोठा आधार दिला, हे कबूल केले पाहिजे. जुना तारेचा बल्ब घेतलेल्या विजेचा फार थोडा भाग उजेडात बदलतो आणि बाकीची उष्णता होते. ६० वॅटच्या तशा बल्बाला बंद कागदी दिव्यात ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. माजघरात आता पाच-पाच वॅटचे चार दिवे आहेत, म्हणजे सर्व मिळून २० वॅट, आणि काढून टाकलेली एकटी ट्यूब याहून अधिक वीज घेत होती. तरीही एलईडीचे खोड, म्हणजे ज्यात त्याचे विजेचे भाग असतात तो बुंधा, चांगलाच तापतो. हे मला येराच्या बरणीने शिकवले.

येरा हे नाव बडोद्यात परके नाही. ही काच अॅलेम्बिक समूहाच्या बडोद्यातील काचकारखान्याची. आमच्या मांडणीवरच्या लोणच्याच्या आणि साखरेच्या बरण्या याच छापाच्या होत्या. बाजारातल्या दोन बरण्यांपैकी एकीच्या तळाला भोक पाडण्याचा उद्योग मी केला आणि पाणी न सोडता ड्रिल चालवल्यामुळे ती सरळ उभी तडकली. दुसऱ्या वेळी शहाणपण आले. काचेला हात न लावता पत्र्याच्या झाकणाला भोक पाडले, त्यात होल्डर बसवला आणि बरणी टांगली. दिसायला तो दिवा सर्वांत सुंदर झाला आणि महिन्याभरात त्याचा बल्ब गेला. दुसराही गेला. झाकण घट्ट असल्यामुळे गरम हवेला वाट नव्हती. झाकणाच्या कडेने खिळ्याने बारा भोके पाडली, त्यानंतर तिसरा बल्ब अजून चालू आहे. कागदी दिव्यांनाही मी तेव्हापासून वर आणि खाली तोंड उघडे ठेवते.

वायरिंगचे काम मात्र घरी करण्याचे नाही, आणि येथे माझ्या हौसेला मी स्वतः लगाम घातला. जुनी तार लाकडी पट्ट्यांवरून गेलेली होती, तिला अर्थिंग नव्हतेच. आधी आलेल्या एका वायरमनने त्यावर तोडगा म्हणून सॉकेटातल्या अर्थच्या खाचेला न्यूट्रलची तार जोडून दिली आणि ‘टेस्टर लागत नाही, बघा’ म्हणून पैसे नेले. दुसऱ्या, जाणत्या माणसाने ते पाहून कपाळाला हात लावला. वाटेत कोठे न्यूट्रल तुटली तर पितळी दिव्याच्या अंगालाच २३० व्होल्ट येतात. त्याने मागच्या चौकात अर्थिंगचा खड्डा केला, नवी तार ओढली आणि ३० मिलीअँपिअरची गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बसवली. संपूर्ण सजावटीत सर्वांत जास्त खर्च यावर झाला आणि त्यातले काहीच दिसत नाही. माझ्याकडे राहिले ते दिव्यांचे काम. धातूच्या प्रत्येक दिव्याला तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग, कागदी आणि बांबूच्या दिव्यांना दोन तारांची. टांगलेल्या दिव्याच्या होल्डरच्या टोपीत वायरीला गाठ, म्हणजे दिव्याचा भार स्क्रूंवर येत नाही.

रंगाचा प्रश्न मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. बल्बाच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळट. मी सगळे २७०० चे आणले, तरी टिपॉयचा तांबडा रंग विटकरी आणि मेलेला दिसत होता. दोष रंग नीट दाखवण्याच्या क्षमतेचा होता. तिचा आकडा सीआरआय म्हणून वेगळा छापलेला असतो आणि स्वस्त बल्बांवर बहुधा छापलेलाच नसतो. ९० च्या वरचे दोन बल्ब मागवले, तेव्हा टिपॉय जागा झाला.

या टिपॉयविषयी थोडे लिहिले पाहिजे. संखेडा हे ओरसंग नदीच्या काठचे गाव, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले, पण बडोद्याच्या लग्नांत हिंडोळा आणि सोफा तेथूनच येत आला आहे. खरादी कारागीर सागाचे लाकूड चरकावर कातून घेतात, त्यावर रंग देतात, कथलाच्या रुपेरी रंगाने नक्षी काढतात आणि वर लाखेचा थर चढवतात. त्या पिवळसर लाखेमधून दिसणारी रुपेरी नक्षी सोन्याची वाटते. आमच्या टिपॉयच्या एका पायावर लाख उडाली आहे आणि नेमकी तेथे नक्षी रुपेरी दिसते. शेजारच्या कोनाड्यातला दिवा लावला की एकाच वेलबुट्टीचे अर्धे पान सोन्याचे आणि अर्धे चांदीचे होते. सुताराने लाख पुन्हा चढवून देतो म्हटले, मी नको म्हटले. आखूड पायाखाली तो लाकडाचा तुकडा मात्र बसवतो म्हणाला, आणि तो मी बसवून घेतला, कारण चहाचा कप घसरणे ही काही शोभा नव्हे.

आरशावरून घरात खरा वाद झाला. फुटका आरसा घरात ठेवायचा नाही, या मतावर सासूबाई ठाम होत्या. आरसा फुटलेला नव्हता, दमटपणाने त्याच्या पाठीचा पारा ठिकठिकाणी सुटून काळे डाग पडले होते. मी तो उजेडात धरून काचेला तडा नसल्याचे दाखवले, तेव्हा त्यांनी परवानगी दिली, पण ‘तोंड पाहायला दुसरा लाव’ या अटीवर. अट रास्त होती. आता तो माजघराच्या मधल्या कोनाड्यात कागदी दिव्याच्या मागे उभा आहे आणि एका दिव्याचे काम दोन दिव्यांइतके करतो. डाग दिव्याच्या प्रतिबिंबात ढगांसारखे दिसतात.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता, आणि त्यात चूक माझी होती. पहिल्या उत्साहात मी घरभर मंद उजेड केला. चार दिवस गप्प राहून त्या म्हणाल्या, ‘तुझे दिवे छान आहेत, पण मला पोथी दिसत नाही आणि तांदळातले खडेही दिसत नाहीत.’ वयाबरोबर डोळ्याच्या भिंगातून आत पोचणारा उजेड कमी होत जातो, हे मला माहीत असायला हवे होते. त्यांच्या खुर्चीमागे, डाव्या खांद्यावरून उजेड पडेल असा नऊ वॅटचा दिवा लावला, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तामचिनीची ती मोठी छत्री टांगून तिच्यात ४००० केल्विनचा बल्ब घातला. तामचिनी म्हणजे लोखंडी पत्र्यावर भाजून बसवलेली काच, त्यामुळे तिचा पांढरा आतला भाग सगळा उजेड खाली फेकतो. टवक्यांच्या जागी गंज वाढू नये म्हणून तेथे रंगहीन वार्निशचा हात दिला आणि कडेचे धारदार टोक कानशीने बोथट केले. घरातला हा एकच दिवा मी देखणा म्हणणार नाही, पण सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो.

तसबिरीची गोष्ट थोडक्यात संपते. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे करून घेतली, पुढे १८९४ मध्ये रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि तशी रंगीत चित्रे घरोघर गेली. बडोद्यात जुनी तसबीर मिळाली की प्रत्येकाला ती त्याच छापखान्याची वाटते, तशी मलाही वाटली. भिंगाखाली पाहिले. दगडावरून छापलेल्या चित्रात ठिपके अनियमित असतात, माझ्या चित्रात ते सारख्या अंतराने, फुलांच्या रांगोळीसारखे बसलेले होते. म्हणजे अलीकडची ऑफसेटची छपाई. चौकट मात्र जुनी आणि खरी सागाची होती. चित्र काढून तिच्यात आम्ही पोळीचा आजेसासऱ्यांच्या वेळचा फोटो बसवला. तो दिव्यापासून दूर, जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर लावला आहे, कारण जुना कागद उजेडाने विटतो.

मोरचूद न घातलेल्या पहिल्या दिव्यावर यंदाच्या आषाढात कामट्यांच्या सांध्यांना राखाडी बुरशी आली आणि होल्डरजवळ कागद तळहाताएवढा सुटला. कागद नवा आणायला गेले तर पतंगाची दुकाने उत्तरायणानंतर बंद झालेली. मुलाने जानेवारीत गच्चीवर पकडलेल्या कटलेल्या पतंगांचा गठ्ठा माळ्यावर, त्या झुंबराच्या शेजारी होता. त्यात पांढरा एकही नव्हता. बुरशी पुसून, या वेळी मोरचूद घालून खळ शिजवली आणि एका हिरव्या पतंगाचा तुकडा पांढऱ्या कंदिलाला लावला. तो दिवा संध्याकाळी लावला की भिंतीवर एका बाजूला हिरवट कवडसा पडतो, नेमका टिपॉयच्या रुपेरी पायावर.